डायन्थसचा बुंधा कोरडा ठेवा

नवरात्र उरकलं, पाऊस परतला, रात्री पंख्याचा वेग कमी करावासा वाटू लागला, की पुण्यात डायन्थस लावायची वेळ झाली. डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा हे झाड मनापासून फुलतं. थंडीत बहरणारं इतकं गुणी फूल मला तरी दुसरं माहीत नाही.

नर्सरीत फुलांनी लगडलेल्या रोपाचा मोह होतो. मी मात्र बुटकं, बुडापासून फुटवे आलेलं, जेमतेम कळ्या धरलेलं रोप निवडते.

खरी काळजी मातीची. कार्नेशन म्हणजे डायन्थसचीच एक जात. तळेगाव-मावळकडच्या पॉलिहाउसमध्ये ती उंच गादीवाफ्यांवर लावतात, कारण मुळाशी पाणी साचलेलं तिला चालत नाही. आपल्या कुंडीतल्या डायन्थसचंही तेच. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करते. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच कुंडीत ठेवायचं, खोल गाडायचं नाही. बुंध्याला पालापाचोळाही टेकू द्यायचा नाही. तिथे ओल राहिली की बुंधा कुजतो आणि वरून हिरवंगार दिसणारं झाड एकाएकी मान टाकतं. मग तहानलंय समजून लोक आणखी पाणी घालतात. ते पाहून मला फार हळहळ वाटते. आधी बोट मातीत खुपसून बघा हो! वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्या, तेही सकाळी आणि कडेकडेनं.

ऊन पाच-सहा तास हवंच. आमची सहकारनगरची गॅलरी दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन थेट आतल्या कुंड्यांपर्यंत पोहोचतं. ज्यांची गॅलरी उत्तरेला, त्यांनी सरळ गच्ची गाठावी.

सुकलेली फुलं नुसती पाकळ्या ओढून काढू नका. खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कात्रीनं देठ कापा, म्हणजे झाड बी धरण्यात ताकद घालवत नाही आणि नव्या कळ्या येतात. नत्राचं खत जास्त झालं तर नुसती पानंच माजतात.

फेब्रुवारीत हवा तापू लागली की पानांची खालची बाजू तपासत राहा. बारीक जाळी, फिकट ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड. मी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारते.

हंगामाच्या शेवटी दोन-चार फुलं बियांसाठी झाडावरच ठेवते. बोंडं तपकिरी झाली की आत काळं, चपटं बी मिळतं. बाजारातली बरीच रोपं संकरित असल्यानं त्या बियांतून तोच रंग येईल असं नाही. मी तरी ते कागदी पाकिटात जपते आणि सप्टेंबरअखेर पेरते. आठ-दहा दिवसांत उगवतं.