फाइंड-रिप्लेसने न सुटलेला 'बी' टॅग

एका जुन्या वेबसाइटची पानं नव्या साच्यात बसवायचं काम अंगावर आलं. सोबत सूचना : सगळे 'बी' टॅग 'स्ट्राँग' करा, सगळे 'आय' टॅग 'ईएम'. (टॅग म्हणजे एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतल्या खुणा. 'बी'ने मजकूर ठळक होतो, 'आय'ने तिरपा. 'स्ट्राँग' सांगतो की हे महत्त्वाचं आहे, 'ईएम' सांगतो की इथे जोर आहे.) फाइंड-रिप्लेस मारा, विषय संपला. मला ते पटलं नाही. मी पानं वाचायलाच घेतली.

अक्षरांचं रूप ठरवणारा 'फॉन्ट' आणि मजकूर मधोमध आणणारा 'सेंटर' या टॅगांचा निकाल पटकन लागला. १९९९च्या एचटीएमएल ४.०१ मध्येच त्यांना टाळा असं सांगितलेलं आहे. रंग, आकार वगैरे गेलं सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या वेगळ्या नियमांत.

डोकं खाल्लं ते 'बी'ने. एकाच पानावर त्याच्याकडून तीन कामं करून घेतली होती. 'वीज बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका' हा इशारा, तिथे 'स्ट्राँग'च हवा. मजकुरात जागोजागी ठळक केलेली मॉडेलची नावं नुसती नजरेत भरावीत म्हणून होती. त्यांत महत्त्वाचं असं काही नाही. एचटीएमएल ५ ने 'बी' ठेवलाय तो अशाच कामासाठी, म्हणून तिथे हात लावला नाही. आणि तिसरं म्हणजे अख्खा परिच्छेद ठळक करून बनवलेले खोटे मथळे. त्या सगळ्यांना 'एच२' हा खरा मथळ्याचा टॅग लावला. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे 'एच' ही कळ दाबत मथळ्यामथळ्यावरून पुढे जातात. ठळक परिच्छेदावर ती कळ थांबतच नाही. माझ्या मते सगळ्या कामात हाच बदल सर्वांत मोलाचा. (नुसता 'स्ट्राँग' लावला की स्क्रीन रीडर जोर देऊन वाचतो, हा गोड गैरसमज आहे. बहुतेकांत मूळ सेटिंगवर तसं काही ऐकू येत नाही.)

'आय'मध्ये 'मॅंजिफेरा इंडिका'सारखी शास्त्रीय नावं होती. ती तशीच ठेवून मजकुराची भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये लॅटिन नोंदवलं. 'मी उद्या म्हटलं, आज नाही' यातल्या 'उद्या'ला मात्र 'ईएम'. पण देवनागरीत ते भयानक दिसायला लागलं. फॉन्टला स्वतःचं तिरपं वळण नसलं की ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून कलती करतो. सीएसएसमध्ये 'ईएम'चा तिरपेपणा काढला, अक्षरांचा ठळकपणा थोडा वाढवला. एका नियमात सगळी पानं सुधारली. शास्त्रीय नावं लॅटिन लिपीत होती, ती तिरपीच राहिली.

उरला अधोरेखित करणारा 'यू'. अधोरेखित शब्द लिंक समजून लोक उगाच क्लिक करतात, म्हणून तो सरसकट काढला.