आमची वाटचाल: सहा पट, एक कूलर आणि रात्री नऊचा प्रश्न

२०१६ च्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका घराच्या मागच्या खोलीत आम्ही बुद्धिबळाचा वर्ग सुरू केला. सहा पट, दोन घड्याळं आणि एक कूलर. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोरची जागा सोडवत नाही. पण त्याच वाऱ्यानं मुलांच्या स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहायचे कागद, उडायच्या, म्हणून प्रत्येक पटाशेजारी आम्ही एकेक गुळगुळीत दगड ठेवला होता. ते दगड अजून वापरात आहेत.

पहिली तीन-चार वर्षं सरळ गेली. उन्हाळी शिबिर, मग संध्याकाळच्या दोन बॅच, जोडीला पट आणि घड्याळांची विक्री. शहरात खेळाला बरे दिवस येत होते. नागपूरचाच रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तेव्हा आमच्याकडं चौकशीचे फोन वाढले. मार्च २०२० मध्ये खोलीला कुलूप लागलं आणि सगळे वर्ग मोबाइलवर आले. लायचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव, व्हिडिओ कॉलवर शिकवणी, आणि गृहपाठासाठी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्या काळात वर्धा, यवतमाळ, गोंदियाची मुलंही जोडली गेली. एरवी ती आमच्या खोलीपर्यंत कधीच पोचली नसती.

शाळा पुन्हा उघडल्या आणि ग्रुप शांत झाला. सकाळी फुलांची चित्रं आणि अधूनमधून एखाद्या स्पर्धेचं पत्रक, एवढंच यायचं. बाहेरगावची मुलं एकेक करून गळू लागली. आमच्यासारख्या छोट्या व्यवसायात हे लगेच हिशेबात दिसतं. घरभाडं खोलीच्या बॅचमधून निघायचं, पण दुसऱ्या प्रशिक्षकाचा पगार ऑनलाइन बॅचवर होता.

मी माझ्या परीनं प्रयत्न केला. रोज एक कोडं टाकायचो: पांढऱ्याची खेळी, तीन खेळ्यांत मात. दोन मिनिटांत तीच चार तरबेज मुलं उत्तर द्यायची, आणि मग चोवीस तास कोणी काही लिहायचं नाही. मी कोडी अजून अवघड केली. माझी धाकटी बहीण आमचे हिशेब आणि ऑनलाइनची बाजू सांभाळते. ती एक दिवस म्हणाली, "दादा, तू प्रश्न विचारत नाहीस, पेपर काढतोस. पेपरात चुकायची हौस कोणाला असते?"

त्या रात्री मी कोडं टाकलं नाही. दुपारच्या बॅचमधल्या दोन मुलांच्या डावातली एक स्थिती घेतली. त्यात मात नव्हती, मोहरा फुकट मिळत नव्हता, एकच बरोबर उत्तर असंही काही नव्हतं. खाली लिहिलं: "इथं तुम्ही कुठला मोहरा हलवाल? फक्त नाव लिहा." वेळ रात्री नऊ, जेवणं आटोपून लोक मोबाइल हातात घेतात तेव्हाची.

पहिलं उत्तर एका वडिलांचं आलं. दोन वर्षं ते मुलाची फी भरत होते, ग्रुपवर त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "उंट." मी खाली एवढंच विचारलं, "काहून?" म्हणजे आमच्या वऱ्हाडीत 'का?' वऱ्हाडी माणसाला 'काहून' विचारलं की तो गप्प बसत नाही. त्यांनी चार ओळी लिहिल्या. मग एका मुलीनं त्यांना खोडून काढलं. मग एक आई आल्या: "सर जी, मले खेळता येत नाही, पण तो घोडा उगाच कोपऱ्यात बसून आहे असं वाटते." आणि त्यांचं बरोबर होतं. त्या स्थितीत सगळ्यात आळशी मोहरा तोच होता. रात्री साडेदहापर्यंत ग्रुप थांबला नाही.

आमचा ग्रुप आजही याच दोन पायऱ्यांवर चालतो. आधी एका शब्दात देता येईल असा प्रश्न, आणि उत्तर आलं की 'काहून'. पहिल्या पायरीवर कोणालाही पाय ठेवता यावा, कारण खेळ खरा सुरू होतो तो दुसरीवर. "वजीर बदलायचा की ठेवायचा?" "उंट बरा की घोडा?" "कुठलं प्यादं पुढं ढकलाल?" "हा राजा सुरक्षित आहे का, हो की नाही?" मधल्या काळात आम्ही "तुमचा आवडता खेळाडू कोण?" असलेही प्रश्न करून पाहिले. उत्तरं ढिगानं आली आणि दुसऱ्या दिवशी कोणाला त्यातलं काही आठवत नव्हतं. प्रश्नासोबत पट असलाच पाहिजे, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे. आणि आमचं उत्तर आम्ही दुसऱ्या रात्रीच देतो. शिक्षकानं लवकर तोंड उघडलं की बाकीची बंद होतात.

एक स्थिती मात्र कोणाच्या डावातली नाही, तरी दरवर्षी टाकतो. (पटावरच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव.) पांढऱ्याचा राजा एच८ वर, प्यादं सी६ वर. काळ्याचा राजा ए६ वर, प्यादं एच५ वर. पांढऱ्याची खेळी. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांची ही १९२१ सालची रचना, पटावर अवघे चार मोहरे. प्रश्न: "पांढरा वाचतो का? हो की नाही." पहिल्या वर्षी जवळजवळ सगळ्यांनी "नाही" लिहिलं, आणि पाहणाऱ्याला तसंच वाटतं. पांढऱ्याचा राजा काळ्याच्या प्याद्याच्या दोन पावलं मागं आहे आणि स्वतःचं प्यादं दुसऱ्या टोकाला एकटं पडलं आहे. मग मी लिहिलं, "राजा जी७ वर नेऊन पाहा." अर्ध्या तासानं वर्ध्याच्या एका आजींनी लिहिलं, "राजा तिरका चालून एकाच वाटेनं दोन कामं करते." रेटीची सगळी करामत या वाक्यात आहे. पटावर तिरकी वाट सरळ वाटेइतक्याच पावलांची असते. म्हणून राजा एफ६, ई५ असा उतरत गेला की काळ्याच्या प्याद्याचा पाठलागही होतो आणि स्वतःच्या प्याद्याकडंही तो सरकतो. काळ्यानं प्यादं पळवलं तर पांढराही आपलं प्यादं शेवटच्या रांगेत नेऊन त्याचा वजीर करतो. काळा राजा पांढरं प्यादं खायला वळला तर त्याचं प्यादं पकडलं जातं. डाव बरोबरीत. त्या आजी नातवाच्या क्लासमुळं ग्रुपवर आल्या होत्या. आता त्या स्वतः खेळतात.

एक चूक आमच्या हातून झाली. ग्रुप रंगात आल्यावर आम्ही महिन्यातल्या उत्तम उत्तराला लाकडी सेटचं बक्षीस जाहीर केलं. आठवड्याभरात उत्तरांची भाषा बदलली. इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला, विचारून काढलेल्या, माणूस सहसा पाहत नाही अशा खेळ्या येऊ लागल्या. 'काहून' विचारलं की समोरून काहीच नाही. एकमेकांवर संशय सुरू झाला. नऊ वर्षांच्या एका मुलानं एक खरोखरच सुंदर खेळी लिहिली आणि दोन मोठ्या माणसांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "मोबाइलला विचारून लिहिलं का रे?" तो ग्रुपमधून गेला आणि क्लासलाही येईना. मी त्याच्या घरी गेलो, पट मांडला आणि त्याला ती खेळी समजावून सांगायला लावली. त्यानं सगळं नीट सांगितलं. त्याच रात्री मी ग्रुपवर त्याची माफी मागितली आणि बक्षीस बंद केलं. तरी तो लगेच परतला नाही. ती जबाबदारी माझी होती, कारण बक्षीस मी लावलं होतं.

मोठ्या सामन्यांच्या रात्री आम्हाला प्रश्न शोधावा लागत नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या चौदाव्या डावात ५५ व्या खेळीला पांढऱ्यानं खेळणाऱ्या डिंगनं हत्ती एफ२ वर आणला. आम्ही तीच स्थिती टाकली: "काळ्याकडून हत्ती बदलाल का?" हत्ती गेले, मग उंटही बदलले गेले, आणि फक्त प्यादी उरल्यावर काळा का जिंकतो, यावर तिसरी-चौथीतली मुलं बोलत होती.

आणि २८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर आपली दिव्या देशमुख. दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटलेले, निकाल रॅपिड टायब्रेकवर, म्हणजे कमी वेळेच्या निर्णायक डावांवर. त्या दिवशी आम्ही एकच प्रश्न टाकला, "आता दिव्याच्या जागी तुम्ही असता तर?" आणि प्रत्येक खेळीला उत्तरं येत गेली. एकोणीस वर्षांची नागपूरची मुलगी विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ग्रुपवर बराच वेळ नुसतं "दिव्या, दिव्या" एवढंच येत होतं. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडं आलेल्या चौकशांमध्ये पहिल्यांदाच मुलींच्या आईबाबांचे फोन जास्त होते. ऑगस्टमध्ये आम्ही मुलींची वेगळी नवशिकी बॅच उघडली. ती शिकवायला आमचीच एक जुनी विद्यार्थिनी येते.

आज आमच्याकडं दोन खोल्या आहेत, आणि बाहेरगावच्या ऑनलाइन बॅच आता गळत नाहीत. प्रश्नांनी कोणी खेळाडू घडत नाही, त्याला तासन्‌तास पटासमोर बसावंच लागतं, हे मी प्रत्येक पालकाला प्रवेशाच्या वेळीच सांगतो. पण जो रात्री नऊला बोलतो तो दुसऱ्या दिवशी क्लास चुकवत नाही, हे आम्ही हजेरीच्या वहीत पाहत आलो आहोत. आता रविवारचा प्रश्न मुलंच पाठवतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी आलेला प्रश्न त्या बक्षिसाच्या वेळी निघून गेलेल्या मुलाचा होता. स्थिती त्याच्या स्वतःच्या हरलेल्या डावातली, आणि खाली एक ओळ: "घोडा मारू की नको?" पहिलं उत्तर त्याच्या वडिलांनी लिहिलं, "मार." मिनिटभरानं खाली त्याचा मेसेज आला, "काहून, बाबा?"