तुम्ही विचारलंत म्हणून: सालिनास वाचायचा तर आधी काय?

स्पॅनिश शिकणारी मंडळी मधल्या पायरीवर आली की हा प्रश्न हमखास येतो. पेद्रो सालिनास या विसाव्या शतकातल्या स्पॅनिश कवीच्या प्रेमकविता वाचायच्या आहेत, तर आधी त्याने आपल्या प्रेयसीला, कॅथरीन व्हिटमोरला, लिहिलेली पत्रं वाचून घ्यावीत का? म्हणजे कविता नीट कळतील. माझं उत्तर: नको. आधी कविता वाचा. आयुष्य वाचायचंच असेल तर त्याच्या प्रेमप्रकरणाआधी त्याची नोकरी वाचा. हा माणूस जन्मभर साहित्य शिकवत होता आणि त्याच्या कवितेचा कच्चा माल वर्गातूनच आलेला आहे.

नोकरीचा हिशेब असा. जन्म माद्रिदचा, २७ नोव्हेंबर १८९१. आधी कायद्याकडे गेला, मग साहित्याकडे वळला. १९१४ ते १९१७ पॅरिसला सोरबोनमध्ये ‘लेक्तोर’ होता. परदेशी विद्यापीठात आपली मातृभाषा शिकवणारा, पगाराने आणि मानाने खालच्या पायरीवरचा माणूस म्हणजे लेक्तोर. तिथे असतानाच, १९१५ मध्ये, अल्जीअर्सला जाऊन मार्गारीता बोनमातीशी लग्न केलं. १९१८ मध्ये सेव्हिल विद्यापीठातली साहित्याची ‘कातेद्रा’, म्हणजे कायमचं प्राध्यापकपद, मिळालं. स्पेनमध्ये हे पद मुलाखत देऊन मिळत नसे. परीक्षकांच्या मंडळापुढे इतर उमेदवारांच्या समोरासमोर स्पर्धा परीक्षा द्यावी लागे, तिला ‘ओपोसिसिओन’ म्हणतात. एकदा जिंकलं की माणूस सरकारी नोकर. मग रजा घेऊन दुसरीकडे काम केलं तरी पद शाबूत. हे माहीत नसेल तर त्याचं चरित्र वाचताना गोंधळ उडतो, की हा सेव्हिलचा प्राध्यापक १९२२-२३ मध्ये केंब्रिजला काय करतोय आणि पुढे सगळा वेळ माद्रिदमध्ये कसा?

सेव्हिलच्या वर्गात त्याच्यासमोर लुईस सेर्नुदा बसत असे. पुढे मोठा कवी झालेल्या या मुलाला वाचनाची दिशा देणारा आणि १९२८ मध्ये तुलूझला लेक्तोर म्हणून जायला शिफारस करणारा हाच. (सेर्नुदाने नंतर त्याच्याबद्दल फारसं गोड लिहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.) दुसरा एक धागा मला त्याहून मजेशीर वाटतो. त्याचा जिवलग मित्र, कवी होर्हे गियेन, सोरबोनमध्ये त्याच्या जागी आला, पुढे सेव्हिललाही आला आणि अमेरिकेत वेल्सली कॉलेजातही सालिनासनंतर तोच. एका पिढीचे दोन उत्तम कवी, आणि एकाने खाली केलेल्या खुर्चीत दुसरा बसतोय, तेही तीनदा!

माद्रिदमध्ये त्याने ‘सेंत्रो दे एस्तुदिओस इस्तोरिकोस’ या संशोधन संस्थेत समकालीन साहित्याचा विभाग सांभाळला आणि १९३२ पासून ‘इंदिसे लितेरारिओ’ हे नव्या पुस्तकांची नोंद घेणारं नियतकालिक चालवलं. १९३३ पासून सांतांदेरच्या मागदालेना राजवाड्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी विद्यापीठाचा तो सरचिटणीस होता. १९३६ च्या जुलैत यादवी युद्ध पेटलं तेव्हाही तो सांतांदेरलाच होता. वेल्सलीचं बोलावणं युद्धाआधीच आलेलं होतं, त्यामुळे फ्रान्समार्गे निघाला तो थेट अमेरिकेत. स्पेनमध्ये परत कधीच गेला नाही. पुढे १९४० पासून बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स, मध्ये १९४३ ते १९४६ प्वेर्तो रिको, आणि ४ डिसेंबर १९५१ ला बॉस्टनमध्ये मृत्यू. पुरलं मात्र प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआनला.

आता वर्गाचा कवितेशी संबंध. त्याचा सगळ्यात गाजलेला संग्रह ‘ला बोस आ ती देबिदा’ १९३३ चा. अर्थ साधारण असा, की हा आवाज तुझं देणं आहे. हे शीर्षक त्याचं स्वतःचं नाही. सोळाव्या शतकातला कवी गार्सिलासो दे ला बेगा याच्या तिसऱ्या एक्लोगमधली, म्हणजे मेंढपाळांच्या जगातल्या दीर्घकवितेतली, ती ओळ आहे. गार्सिलासो तिथे म्हणतो, मेलेल्या थंड जिभेनेसुद्धा मी हा आवाज हलवीन. दर वर्षी ही कविता शिकवणाऱ्या माणसालाच ते शीर्षक सुचणार. तीच गोष्ट उलट बाजूने पाहा. १९३७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याने व्याख्यानं दिली, ती १९४० मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. विषय: जुना स्पॅनिश कवी, मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा, वास्तवाशी कसा वागतो. सिद या योद्ध्यावरचं मध्ययुगीन महाकाव्य वास्तव जसंच्या तसं उतरवतं, मानरिके आणि काल्देरोन ते स्वीकारतात, गार्सिलासो त्याला आदर्श रूप देतो, फ्राय लुईस आणि सान हुआन दे ला क्रूस त्यातून निसटतात, गोंगोरा ते उजळून टाकतो आणि एस्प्रोन्सेदा बंड करतो. वरवर पाहता अभ्यासक्रम, पण यात सालिनासने स्वतःची जागा शोधलेली आहे. पत्रांआधी मी हे पुस्तक हातात देईन.

‘ला बोस’ वाचताना नवा वाचक कुठे अडखळतो? शब्दांत नाही. शब्द इतके साधे आहेत की मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला कोश फारसा लागत नाही. अडतो तो लयीत. ओळी आखूड, यमक नाही, सत्तर कवितांना शीर्षकं नाहीत, त्यामुळे गद्य तोडून लिहिल्यासारखं वाटतं. मग मोजून बघा. आपल्या अभंगासारखी इथेही मात्रा नाही, अक्षरंच मोजायची, फक्त दोन नियम जादा. ही ओळ घ्या: ‘पारा बिबीर नो क्येरो’. पा-रा-बि-बीर-नो-क्ये-रो, सात. पुढची: ‘इस्लास, पालास्योस, तोर्रेस’. इस्-लास-पा-ला-स्योस-तो-र्रेस, पुन्हा सात. जगायला मला बेटं नकोत, महाल नकोत, मनोरे नकोत. आता तिसरी: ‘के आलेग्रीआ मास आल्ता’. सरळ मोजलं तर आठ भरतात आणि इथेच सगळे चुकतात. एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, तर दोन्ही मिळून एकच अक्षर धरायचं. ‘के’ आणि ‘आ’ एका दमात म्हणा, सात होतात. दुसरा नियम याच कवितेतल्या ‘यो नो ते क्येरो आसी’ला लागतो. ‘रो’ आणि ‘आ’ जोडले की सहाच उरतात, पण शेवटच्या अक्षरावर आघात असला की एक वाढवून मोजायचं. म्हणजे पुन्हा सात. या सातांमध्ये मग तो आठाच्या, कधी त्याहून आखूड ओळी पेरतो, आणि श्वास नेमका तिथे अडकतो. मोठ्याने वाचल्याशिवाय हे कळत नाही. डोळ्यांनी वाचू नका.

आणि या कवितेत तो म्हणतो काय? सर्वनामांत जगण्याइतका मोठा आनंद नाही. तुझे कपडे, खुणा, फोटो काढून टाक. मीही नावं, पाट्या, इतिहास पुरून टाकीन. उरेल फक्त मी आणि तू. आता सांगा, जो कवी नावंच पुरतोय, त्याच्या कवितेला हात घालायच्या आधी आपण ‘ती कोण होती’ हे शोधत बसायचं?

तरी पत्रांबद्दल सांगतो, कारण ती वाचनीय आहेतच. १९३२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या स्मिथ कॉलेजात स्पॅनिश शिकवणारी कॅथरीन माद्रिदला एका अभ्यासक्रमासाठी आली. सालिनास तिथे व्याख्याता, वय चाळीस, लग्न झालेलं, दोन मुलं. उन्हाळा संपल्यावर ती परत गेली आणि पुढचं प्रेम मुख्यतः टपालातून चाललं. ‘ला बोस’मध्ये प्रेयसीचा चेहरा जवळपास नाहीच, याचं अर्धं कारण हे समुद्रापारचं अंतर. १९३४-३५ मध्ये ती पुन्हा माद्रिदला असताना मार्गारीताला सगळं कळलं, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि कॅथरीन मागे सरली. १९३९ मध्ये तिने दुसऱ्याशी लग्न केलं. पत्रं त्यानंतरही विरळ होत १९४७ पर्यंत चालली. ती तिने जपली आणि १९७९ मध्ये हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयाला दिली. अट अशी, की वीस वर्षं उघडायची नाहीत. सोबत तिने स्वतःची बाजू सांगणारी काही पानंही जोडली. निवडक पत्रांचं पुस्तक आलं २००२ मध्ये.

पत्रं बाहेर येण्याआधी काय झालं ते पाहण्यासारखं आहे. लिओ स्पिट्झर हा नामांकित भाषाशास्त्रज्ञ जॉन्स हॉपकिन्समध्येच सालिनासचा सहकारी होता. त्याने १९४१ मध्ये एक लेख लिहून मांडलं, की या कवितांतली ‘तू’ ही खरी बाई नसून कवीच्या जाणिवेचा आविष्कार आहे. पुढे कित्येक वर्षं हे मत वजनदार मानलं गेलं. पत्रं आल्यावर लोक स्पिट्झरला हसले. मला ते हसू पटत नाही. कॅथरीन खरी होती म्हणून कवितेतली ‘तू’ तिचा फोटो ठरत नाही. स्पिट्झर बाईबद्दल चुकला, कवितेबद्दल बराचसा बरोबर होता. पत्रं आधी वाचणारा नेमका उलट चुकतो: त्याला प्रत्येक ‘तू’मध्ये मॅसॅच्युसेट्सची एक प्राध्यापिका दिसत राहते.

दुसरी नेहमीची चूक ‘सेरो’, म्हणजे शून्य, या दीर्घकवितेबद्दलची. विमानातून पडणारा बॉम्ब आणि त्याखाली नाहीसं होणारं सगळं, असा विषय. ती १९४९ च्या ‘तोदो मास क्लारो’ या संग्रहात आहे, त्यामुळे बरेच जण ती हिरोशिमावर लिहिलेली समजतात. पण ती मेक्सिकोच्या ‘क्वादेर्नोस आमेरिकानोस’मध्ये १९४४ सालीच छापून आली होती. अणुबॉम्बावर त्याने लिहिलं ते १९५० च्या ‘ला बोम्बा इन्क्रेइब्ले’ या कादंबरीत. विज्ञान आणि तंत्राने चालणाऱ्या एका राज्यात एक अजब बॉम्ब सापडतो. तो फुटत नाही, भोसकल्यावर त्यातून रक्त येतं आणि कण्हणारे बुडबुडे निघून जगभर पसरतात. कल्पना जबर, कादंबरी मात्र रेंगाळते. त्याचं गद्य आवडून घ्यायचं असेल तर ही नको, १९४८ चं ‘एल देफेन्सोर’ घ्या. त्यातला पहिला निबंध पत्रांच्या बचावाचा आहे. अमेरिकेतल्या तार कंपनीच्या ‘पत्र लिहू नका, तार करा’ अशा जाहिरातीवर तो असा काही उखडलाय, की हसताहसता पटत जातं. प्राध्यापक वर्गाबाहेर कसा बोलत असेल, ते इथे ऐकू येतं.

तर क्रम असा ठेवा: ‘ला बोस’मधल्या पाच-सहा कविता मोठ्याने, मग उरलेला संग्रह, मग १९३६ चा दुसरा प्रेमसंग्रह ‘रासोन दे आमोर’. त्यानंतर १९४६ चा ‘एल कोन्तेम्प्लादो’: सान हुआनच्या समुद्रावर एक मूळ विषय आणि चौदा आलाप. हा फार कमी वाचला जातो, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोकळं लेखन हेच. पत्रं त्यानंतर. ‘लार्गो लामेन्तो’ हा तिसरा प्रेमसंग्रह त्याच्या हयातीत आलाच नाही, मागे राहिलेल्या कागदांवरून जुळवला गेला, तेव्हा तो शेवटी ठेवा. कातेद्रा प्रकाशनाच्या ‘लेत्रास इस्पानिकास’ मालेत मोन्सेरात एस्कार्तीनने संपादित केलेल्या एकाच खंडात हे तिन्ही प्रेमसंग्रह मिळतात. टिपा भरपूर आहेत, प्रस्तावना लांबलचक. ती कवितांनंतर वाचा. आणि कॅटलॉगमध्ये शोधताना ‘सालिनास सेर्रानो’ अशी दोन्ही आडनावं टाका, नाहीतर याच नावाचा पेरूचा एक पत्रकार आधी वर येतो.