एस्टीमची नोंद: काटा हलायलाच हवा

अखेर माझ्या मारुती एस्टीमच्या फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर गेज लागला. प्लग काळे पडत होते, आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची गती) जरा चढलेलं, आणि गरम गाडी बंद केली की पुन्हा बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा. काम भांडुपला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली, मगच फीड लाइनला (टाकीकडून रेलला येणारा पाइप) हात लावला. तरी थोडं पेट्रोल सांडलंच आणि पहिल्या मजल्यावरून काका ओरडले, "अरे, घरात वास येतोय!"

इंजिन बंद, पंप चालू: 2.9 बार. छान. इंजिन सुरू केलं, तरीही 2.9. गोम इथेच आहे.

रिटर्न लाइनवाल्या एमपीएफआयमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर रेलवर बसतो. आत डायफ्राम (लवचीक पडदा) आणि स्प्रिंग. स्प्रिंगला प्रेशर भारी पडलं की जास्तीचं पेट्रोल टाकीत परत. कुकरची शिट्टीच, फक्त इथे तिचं वजन मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम वरून थोडं उचलून धरतो. इंजेक्टरमधून किती पेट्रोल जाणार हे ठरतं रेल आणि मॅनिफोल्डमधल्या प्रेशरच्या फरकावर. आयडलला मॅनिफोल्ड बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 0.6 बार खाली असतो, म्हणून रेलही तेवढीच उतरली पाहिजे. माझी उतरत नव्हती. म्हणजे फरक 2.9 ऐवजी 3.5, आणि प्रवाह वर्गमुळाच्या हिशेबाने सुमारे 10 टक्के जास्त. इंजिन तापल्यावर ऑक्सिजन सेन्सर सावरून घेतो. थंड असताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याचं ऐकतच नाही.

मॅनिफोल्डकडून रेग्युलेटरला येणारा व्हॅक्यूम पाइप काढून हुंगला. कोरडा. डायफ्राम फाटला असता तर आत पेट्रोल सापडलं असतं. पण निपलपाशी पाइप कडक होऊन उभा चिरला होता, म्हणून व्हॅक्यूम रेग्युलेटरपर्यंत पोचतच नव्हता. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानदार अख्खा रेग्युलेटर गळ्यात मारत होता; मी वीतभर पाइप घेऊन आलो. आता आयडलला 2.3, आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की काटा टुणकन वर.

नव्या गाडीवाल्यांनो, घाबरू नका. रिटर्नलेसमध्ये (रेलपासून टाकीत परतीचा पाइप नसलेल्या) रेग्युलेटर सहसा टाकीतच असतो, व्हॅक्यूम पाइप नसतो. तिथे काटा स्थिरच राहतो, फरकाचा हिशेब ईसीयू करतो.

गरम स्टार्ट मात्र अजून तसाच. इंजिन बंद केल्यावर मिनिटभरात प्रेशर 1 बारच्या खाली. आता बंद करताक्षणी रिटर्नचा रबरी पाइप चिमटवून बघायचं. काटा टिकला तर रेग्युलेटरची सीट गळतेय (मग दुकानदार खूश). नाही टिकला तर गेजच्या अलीकडे, टाकीच्या बाजूने फीडही चिमटवायचा: तेव्हा टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), तरीही उतरला तर इंजेक्टर.