ओसरीच्या सात दांड्या

जुना ट्रेलर टेंट, म्हणजे कारमागे ओढायचा आणि उलगडला की तंबू होणारा ट्रेलर, घेतला तेव्हा विकणारा म्हणाला होता, "ताई, दोघं असले की वीस मिनिटांत उभा." रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर पहिल्यांदा आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. त्यातला सव्वा तास टेंटच्या पुढच्या ओसरीत गेला. तो राग अजून गेलेला नाही.

नागपूर ते रामटेक ट्रेलर ओढत नेणं, तो उलगडणं, पलंग बाहेर काढणं, मुख्य कापड चढवणं, यात काहीच अडलं नाही.

ओसरीच्या मात्र सात दांड्या, सगळ्या एका पिशवीत, एकाच रंगाच्या, एकीवरही खूण नाही. सोबतचा कागद दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. तीन उभ्या, तीन छताच्या, एक आडवी, हे मला आता पाठ आहे. छताची मधली दांडी बाजूच्या दोघींपेक्षा वीतभर लांब असते. आम्ही ती कडेला लावली. कापड एकीकडे ताणलं गेलं, दुसरीकडे झोळीसारखं लोंबलं. डिसेंबरचे दिवस, पावणेसहाला सूर्य गेलेला. "अहो, ती मधली नाही!" "मग कोणती? सांगून राहिली तर नीट सांग ना!" मी आत, हे बाहेर, मध्ये कापड, दोघांचे हात वर आणि टॉर्च जमिनीवर. दांड्या अदलाबदल केल्या तरी शेवटची बसेना. रेटली तर शिवण करकरली. तेव्हा मी म्हटलं, थांबा, सगळं खाली घ्या.

खाली घेतल्यावर कारण दिसलं. आम्ही प्रत्येक दांडी लावतानाच पूर्ण लांबवून घट्ट करत होतो. त्यामुळे शेवटच्या दांडीला कापडच उरत नव्हतं. सातही दांड्या आखूड आणि ढिल्या ठेवूनच जागेवर बसवायच्या. सगळ्या बसल्या की मधल्यापासून सुरुवात करून एकेक वाढवायची. एवढं एक वाक्य कोणी कागदावर छापलं असतं तर आमची ती संध्याकाळ वाचली असती.

घरी आल्यावर दांड्यांना रंगीत टेप लावला. छताच्या लाल, उभ्या निळ्या, आडवी पिवळी, आणि मधल्या लालवर दोन पट्टे. अंधारातही बोटाला दोन पट्टे लागतात. आणि हाका मारणं बंद केलं. ओसरी उभारताना आत उभी असलेली मी सांगणार, बाहेरचा माणूस करणार. ह्यांना हे आधी पटलं नाही, पण घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर दोनदा करून पाहिलं आणि पटलं.

हे आधीच सांगायला हवं होतं: ट्रेलर कारला जोडलेला असतानाच आडवी पातळी बघा. जे चाक खाली असेल त्याखाली फळी सारा, चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना ओट लावा, मगच कार सोडवा. पुढेमागे पातळी पुढच्या लहान चाकाने मिळते. कोपऱ्याचे टेकू सगळ्यात शेवटी, तेही हलू नये एवढ्यापुरते. वजन त्यांच्यावर टाकू नका, सांगाडा पिळला की दांड्या पुन्हा बसत नाहीत.

मेखा ठोकण्याआधी दाराच्या चेन लावून घ्या. उघड्या दाराने ठोकल्या तर चेन मिटत नाही. सोबत आलेल्या बारीक मेखा आपल्या मुरमात वाकतात. आम्ही नागपूरच्या इतवारी बाजारातून बारा एमएमची सळई फूटफूट कापून, वरचं टोक वाकवून घेतली. काळी माती ओली असेल तर त्याहून लांब घ्या.

आता दोघांना पस्तीस मिनिटं लागतात. मुक्काम आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच करतो, उन्हाळ्यात कापडाखाली बसवत नाही.

थंडीत पहाटे कापडावर दव असतं. निघायची घाई असली तर ओलंच गुंडाळा, पण घरी आल्या दिवशीच गच्चीवर उलगडून वाळवा. आम्ही एकदा तीन दिवस तसंच ठेवलं, तो काळा बुरशीचा डाग खिडकीच्या वर अजून आहे.