पहिलीचं पोरगं, शाळा आणि घरचा फोन

जूनमध्ये पहिलीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढण्याआधी एक विचारावं: फोन दिवसभर कुणाकडं असतो? इचलकरंजीत फोन वडिलांबरोबर यंत्रमागावर गेला, तर आईला निरोप रात्रीच कळतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच दोन नंबर घ्या, त्यातला एक आईचा किंवा आजीचा. साधा फोन असेल तर थेट कॉल करायचा, दुसरा इलाज नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे ग्रुप न काढता एकच निरोप प्रत्येकाला वेगळा धाडायच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सोयीवर, बऱ्याच शाळा फसतात. पालकानं शिक्षकांचा नंबर सेव्ह केला नसेल, तर निरोप पोचतच नाही. पालकसभेत समोर बसवूनच नंबर सेव्ह करून घ्या. ग्रुप असेल तर सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करा. नाहीतर गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात डब्याची सूचना गाडली जाते.

लांबलचक पीडीएफ कुणी उघडत नाही. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, आपल्या बोलीत: "उद्या घरातली पाच भांडी पोराकडनं लहान-मोठी लावून घ्या." न वाचता येणाऱ्या आजीलाही हे जमतं, आणि माझ्या मते खरी शाळा इथंच घरात शिरते.

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढलं की सुट्टीचे जुने मेसेज फिरतात. म्हणून प्रत्येक सूचनेत तारीख, वार आणि शाळेचं नाव हवंच. पोराचं रडणं, आजारपण, फी यातलं काहीही ग्रुपवर नको. तिथं फोनच करावा.