‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढे सांगून भागत नाही

मुंबईच्या अतिदक्षता विभागांत काम करताना मला यंदा २२ वर्षे पूर्ण झाली. त्यातील पहिली ६ वर्षे महापालिकेच्या रुग्णालयात गेली आणि उरलेली खासगी रुग्णालयांत. गेल्या महिन्यात आमच्या विभागात चार नव्या स्टाफ नर्स रुजू झाल्या. त्यांचे बहुतेक प्रश्न व्हेंटिलेटरच्या मोडविषयी आणि एबीजीच्या, म्हणजे रक्तातील वायूंच्या तपासणीच्या, रिपोर्टविषयी होते. मी उत्तरे दिली, पण यंत्रे सहा-आठ महिन्यांत हाताखाली येतातच. रात्री तीन वाजता नुकत्याच टेकलेल्या रजिस्ट्रारला, म्हणजे पाळीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोनवर नेमके काय सांगायचे, हे कळायला मात्र मला पाच वर्षे लागली, आणि त्याची किंमत एका रुग्णाने मोजली.

आतड्याची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेले ते पन्नाशीचे गृहस्थ होते. संध्याकाळी त्यांनी मला दोनदा क्रिकेटचा स्कोअर विचारला होता. रात्री दोननंतर मात्र ते काही न बोलता चादरीची कड बोटांनी चाळवत राहिले. मॉनिटरवर रक्तदाब ११०/७० होता आणि ऑक्सिजन ९७ होता. मी फोन केला, “सर, सात नंबरचा पेशंट बरा वाटत नाही.” रजिस्ट्रारनी “व्हायटल्स?” म्हणून नाडी, रक्तदाब वगैरे विचारले. मी म्हणाले, “स्टेबल आहेत.” “मग वॉच करा.” पहाटे सहाला दाब कोसळला आणि सकाळी त्यांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागले, कारण आतड्याची जोडणी सुटली होती. ते वाचले, परंतु जवळपास महिनाभर आमच्याकडेच राहिले.

कित्येक वर्षे मी त्या रजिस्ट्रारला मनातल्या मनात दोष देत होते. पुढे एकदा विद्यार्थिनींना शिकवताना लक्षात आले की त्या रात्री रुग्णाचा श्वास मिनिटाला १८ वरून २८ वर गेला होता, दोन तासांत मिळून लघवी जेमतेम २५ मिली झाली होती आणि गुडघे थंड पडले होते, आणि या तिन्ही गोष्टी मी स्वतःच्या हाताने चार्टवर लिहिल्या होत्या. फोनवर मात्र त्यांतील एकही उच्चारली नव्हती. ‘स्टेबल’ हा शब्द माझा होता, रजिस्ट्रारचा नव्हता.

म्हणून नव्या मुलींना मी सांगते की फोन उचलण्यापूर्वी चार्ट हातात घ्या. रुग्ण कोण, दाखल कशासाठी, गेल्या दोन तासांत कोणता आकडा कुठून कुठे गेला आणि तुम्हाला कशाची भीती वाटते, एवढे अर्ध्या मिनिटात सांगता येते. त्यानंतरचे वाक्य बहुतेक जणी गिळून टाकतात, ते म्हणजे मागणी: “तुम्ही दहा मिनिटांत येऊन पाहावं असं मला वाटतं.” आपल्याकडे ‘सरांना असं कसं सांगायचं’ हा संकोच नर्सिंगच्या वसतिगृहापासूनच अंगात मुरलेला असतो. तो सोडावा. फोनची वेळ आणि मिळालेले उत्तर नोंदवावे, दहा मिनिटांत कोणी आले नाही तर वरच्या डॉक्टरांना कळवावे, आणि तसे कळवणार असल्याचे आधी सांगून टाकावे. म्हणजे पाठीमागून तक्रार केली असे होत नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट स्वतः मोजावा. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा छातीवरच्या इलेक्ट्रोडमधून येतो आणि रुग्ण हलला, कुशीवर वळला तरी तो बदलतो. चार्टवर सलग आठ तास २० असलेला श्वास हा बहुधा रुग्णाचा नसतो, नर्सच्या पेनाचा असतो.

माझी स्वतःची चूकही सांगायला हवी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे सेप्सिसच्या, म्हणजे गंभीर जंतुसंसर्गाच्या, एक आजीबाई होत्या आणि त्यांचा रक्तदाब पंपातल्या सिरिंजमधून सतत जाणाऱ्या नॉरअॅड्रेनलिन या दाब वाढवणाऱ्या औषधावर टिकून होता. सिरिंज संपत आल्याचा अलार्म मी दोनदा बंद केला, कारण शेजारच्या रुग्णाचे सक्शन (कफ ओढून काढणे) चालू होते. शेवटी धावत येऊन मी रिकामी सिरिंज काढली, नवी लावली, पंप सुरू केला आणि वळले. या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो. नवी सिरिंज पंपात बसवल्यावर दट्ट्या आणि पंपाची पकड यांच्यात थोडी फट राहते, आणि ताशी ३ मिलीच्या वेगाने ती फट भरून निघेपर्यंत रुग्णाला थेंबही मिळत नाही. सरासरी दाब ६८ वरून ४१ वर आला. घाबरून मी पंपाचे पर्जचे, म्हणजे औषध वेगाने पुढे ढकलण्याचे, बटण दाबले, तेही नळी रुग्णाला जोडलेली असताना, आणि दाब एकदम १३० च्या वर गेला. “हात काढ,” असे म्हणत इन्चार्ज सिस्टरनी माझे मनगट धरले ते मला आजही आठवते. सकाळी मला मेमो मिळाला. आधी दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज चढवावी, नळी रुग्णापासून दूर ठेवून टोकाला थेंब दिसेपर्यंत पर्ज करावी आणि जुनी संपण्यापूर्वीच नवी सुरू करावी, हा नियम आमच्याकडे लेखी स्वरूपात यायला आणखी दोन वर्षे लागली, आणि तोही अशाच दुसऱ्या प्रसंगानंतर. मेमोऐवजी त्या दिवशी चार जणींनी पंपाभोवती उभे राहून घडले ते समजून घेतले असते तर तो दुसरा प्रसंग टळला असता, असे माझे मत आहे. चूक झाली की आधी रुग्ण सावरावा, मग डॉक्टरांना सांगावे आणि राउंडच्या आधी स्वतःच्या अक्षरात लिहून काढावे. लपवलेली चूक पुढच्या पाळीतील नर्सच्या पदरात पडते.

त्वचेविषयी थोडेच सांगते. दर दोन तासांनी कूस बदलणे हे काम मावशी आणि मामांवर सोपवून मोकळे होऊ नये. टाचा, माकडहाड, डोक्याची मागची बाजू आणि मास्कखालचे नाक हे सर्व आपल्या डोळ्यांनी पाहावे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची १९७३ पासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत शुश्रूषा केली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही त्यांच्या अंगावर एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) नसल्याची दखल आहे. आमच्या शहरात या कामाचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही, आणि तिथे कोणतेही महागडे यंत्र नव्हते.

जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत मुंबईचे अतिदक्षता विभाग डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांनी भरतात. गुडघाभर पाण्यातून चालत कामावर गेलेला तरुण चार दिवसांच्या तापाने येतो, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखऱ्या की हात लावू देत नाही, आणि काही तासांत थुंकीतून रक्त पडू लागते. अशा वेळी बाहेर जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेली आई विचारते, “सिस्टर, बरा होईल ना माझा पोरगा?” ‘सगळं ठीक होईल’ असे मी म्हणत नाही आणि ‘डॉक्टरांना विचारा’ असे म्हणून पाठही फिरवत नाही. “आज त्याला कालपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतोय, लघवी मात्र सुधारली आहे, सर अकराला येतील तेव्हा किडनीबद्दल नक्की विचारा,” एवढे मी सांगते. स्वतः पाहिलेले सांगण्याचा नर्सला अधिकार आहे. निदान आणि भाकीत डॉक्टरांवर सोडावे.

नोकरीतील अडचणींविषयी मुली दबक्या आवाजात विचारतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात रात्री दोन, कधी तीन रुग्ण वाट्याला येतात. व्हेंटिलेटरवरचे दोन आणि डायलिसिस चालू असलेला तिसरा असे वाटप झाले, तर पाळी सुरू होतानाच इन्चार्जना लेखी कळवावे; विपरीत काही घडल्यावर लिहिलेल्या पत्राला सबबीची कळा येते. पूर्वी एका लहान नर्सिंग होमने माझे जीएनएमचे (नर्सिंग डिप्लोमाचे) मूळ प्रमाणपत्र आठ महिने अडकवून ठेवले होते. मूळ कागद केवळ पडताळणीसाठी दाखवावेत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि बॉण्डवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर) सही करण्यापूर्वी तो घरी नेऊन वाचावा. पगाराबाबतही गप्प राहू नये. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही नर्सला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती, ही गोष्ट मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना ठाऊकच नसते.

पुढे शिकायचे असल्यास एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, आणि बी.एस्सी. व अनुभव असल्यास क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. दुसऱ्या अभ्यासक्रमाचे शिक्षण उत्तम आहे, परंतु त्या नावाची पदे रुग्णालयांत अजून फारशी निर्माण झालेली नाहीत, हे ध्यानात ठेवूनच फी भरावी. मी स्वतः डिप्लोमावर थांबले, कारण घरी सासूबाईंचे डायलिसिस होते आणि डोंबिवलीहून रोजचा प्रवास होता.

परदेशी जावे का, हा शेवटचा प्रश्न. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, इंग्लंडसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषा, यांची तयारी नाइट करता करताही होते. मी कोणाला अडवत नाही. माझ्या बॅचची एक मैत्रीण गेली १२ वर्षे इंग्लंडमध्ये आहे. पहिले सहा महिने डॉक्टरांना नुसत्या नावाने हाक मारताना तिची जीभ जड व्हायची. गेल्या डिसेंबरमध्ये ती वडिलांना घेऊन इथल्या एका मोठ्या रुग्णालयात गेली, तेव्हा कन्सल्टंटना ‘सर’ म्हणायचे तिच्या लक्षातच राहिले नाही. वडिलांना अॅडमिट करण्याची गरज का आहे, हे तिने त्यांना तीनदा विचारले, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची ओढून घेत सविस्तर सांगितले.